अंगणात आपोआप उगवलेलं उंच फुलझाड: कॉसमॉस ठेवावा, टिथोनिया की कुर्डू?

मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की परभणीतल्या आमच्या अंगणात कुंपणाच्या कडेनं हिरवी दाटी उगवते. कुणी पेरलेलं नसतं. गेल्या दिवाळीच्या आसपास गळालेलं बी मातीत पडून असतं, ओल मिळाली की ते वर येतं. त्यातलं काय ठेवायचं आणि काय खुरप्यानं काढायचं, हे पहिल्या पंधरा-वीस दिवसांतच ठरवावं लागतं. झाड कमरेला लागलं की ते दुसरीकडे हलवता येत नाही आणि उपटायलाही जीव होत नाही.

आमच्याकडं अशी उंच होणारी तीन झाडं आहेत. पिवळा-नारिंगी कॉसमॉस, रोपवाटिकेत मेक्सिकन सूर्यफूल म्हणून मिळणारा टिथोनिया, आणि आपलं कुर्डू. चौथं न बोलावता येतं ते गाजर गवत, आणि सगळा घोटाळा त्याच्यामुळं होतो.

वीतभर उंचीचं कॉसमॉसचं रोप आणि गाजर गवत यांची पानं सारखीच कातरलेली असतात. एका वर्षी मी अख्खा वाफा गाजर गवत समजून उपटला आणि ढिगात टाकल्यावर लक्षात आलं की तो कॉसमॉस होता. त्याची हळहळ अजून आहे. तेव्हापासून मी फुलाची वाट पाहत नाही, खाली बसून खोड बघतो. कॉसमॉसची पानं एका पेरावर समोरासमोर, जोडीनं येतात. गाजर गवताची आधी जमिनीलगत चक्रासारखी पसरतात आणि नंतर खोडावर एकाआड एक चढतात. त्याच्या खोडावर उभ्या रेघा आणि बारीक लव असते, पानाचा रंगही राखाडीकडं झुकतो. झेंडूचं रोप वाटलं तर पान चुरगळा, वासावरून लगेच कळतं. गाजर गवत ठरलं की पांढरी बारीक फुलं यायच्या आत, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट काढा. त्यानं अनेकांच्या अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात.

कॉसमॉसला आमच्या भागात काहीजण सोनकी म्हणतात. खरी सोनकी सह्याद्रीच्या पठारांवरची, ती वेगळी. कॉसमॉस मूळचा मेक्सिकोचा, आणि टिथोनियाही तिकडचाच.

टिथोनिया ओळखायला सोपा. पान रुंद, बरेचदा तीन खंडांचं, हाताला मखमलीसारखं. फूल गडद केशरी असतं. फुलाच्या अगदी खाली देठ फुगलेला आणि आतून पोकळ असतो, बोटांत धरून दाबला तर दबतो. लातूरकडच्या शेतातलं सूर्यफूल ज्यांनी पाहिलंय त्यांना पान बघून शंका येते, पण सूर्यफुलाचं पान खरखरीत लागतं. पिवळ्या फुलांचं, उन्हाळा काढून दुसऱ्या वर्षीही उभं राहिलेलं, बुडाशी लाकूड झालेलं झुडूप असेल तर तो टिथोनियाचाच बहुवर्षायू भाऊ. तो फांदी खोवूनही लागतो. केशरी मात्र हंगामी, दरवर्षी बियांपासूनच येतो.

वाढवायच्या बाबतीत कॉसमॉसला तोड नाही. बी मातीत बोटाच्या अर्ध्या पेराएवढं दाबलं की आठवड्याभरात वर येतं. त्याला शेणखताचा मारा करू नका. शेजारच्या काकूंनी हौसेनं उकिरड्यावरची माती घातली, तर झाडं डोक्याच्या वर गेली आणि फुलं मात्र मोजकीच आली. हलकी माती, भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा, एवढं त्याला पुरतं. काळ्या मातीत श्रावणात पाणी तुंबतं, तिथं वाफा जरा उंच करा. रोप फूटभर झालं की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतात.

टिथोनियाचं बी वरवर टाकून चिमूटभर मातीनं झाकायचं. उगवायला एक ते दोन आठवडे लागतात. दोन झाडांत किमान दोन फूट अंतर हवंच, कारण ते माणसाच्या उंचीचं होतं. त्याची अडचण म्हणजे फांदी कचकडी. परतीच्या पावसातल्या वाऱ्यात सांध्यापासून मोडते. मी प्रत्येक झाडाला दोन तुराट्या रोवून सुतळीनं सैल बांधतो. एवढा त्रास घ्यावा असं ते झाड आहे. भाद्रपदात सकाळी दहाच्या उन्हात एकेका फुलावर फुलपाखरं बसलेली असतात, आणि कॉसमॉसपेक्षा इथं त्यांची गर्दी जास्त.

कुर्डूची निवड बहुतेकजण करतच नाहीत, कारण ते रानातलं तण. सोयाबीनमधून आपण ते खुरपून काढतो आणि कोवळं असेपर्यंत त्याची भाजीही करतो. पण कुंपणाला पाच-सहा झाडं राखली तर गुलाबी-रुपेरी तुरे महिनाभर टिकतात. कोंबडा हे त्याच्याच जातीचं बागेतलं रूप. वाळलेला तुरा कागदावर झटकला की राजगिऱ्याएवढं काळं चकचकीत बी पडतं.

माझं मत घराच्या जागेवर ठरतं. चारी बाजूंनी सिमेंटचे रस्ते असलेलं गावातलं अंगण असेल तर कॉसमॉस बिनधास्त ठेवा. मागच्या भिंतीला आडोसा हवा असेल तर टिथोनिया. पण घर माळाला किंवा शेताला लागून असेल तर कॉसमॉस नकोच, तिथं कुर्डू. कॉसमॉसचं पिकलेलं बी काळं, सुईसारखं असतं आणि टोकाला उलट्या काट्यांचे आकडे असतात. ते धोतराला, पदराला, शेळीच्या केसांना धरून बांधापलीकडं जातं, आणि रस्त्याकडेला तो कसा पसरतो हे आपण पाहतोच. कुर्डूही भरपूर पसरतं, पण ते इथल्या रानात आधीपासून आहेच.

दसऱ्याच्या हारासाठी हवं असेल तर झेंडूच लावा. कॉसमॉसच्या पाकळ्या ओवता ओवताच गळतात.

कॉसमॉस ठेवलाच तर एक काम चुकवू नका. पाकळ्या गळून बोंड तपकिरी व्हायला लागलं की बी चांदणीसारखं उघडायच्या आत ते कात्रीनं कापा. पुढच्या वर्षासाठी मूठभर सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा. बाकीची बोंडं खतात टाकू नका, जाळा.