सेकंड-हँड स्विच घेताय? पैसे देण्याआधी ई-शॉप उघडून बघा

निन्टेन्डो स्विच हा व्हिडिओ गेम खेळायचा कन्सोल सेकंड-हँड विकताना एक ठरलेला डाव खेळला जातोय आणि त्यात माझे १९,००० रुपये गेले. सविस्तर लिहितेय, कारण जुना कन्सोल घेताना काय काय तपासावं याच्या ज्या याद्या फिरत असतात, त्यांत या डावाचा उल्लेखच नसतो. स्क्रीनवर चरे आहेत का, बॅटरी किती टिकते, जॉय-कॉनला, म्हणजे बाजूच्या कंट्रोलरला, ड्रिफ्ट आहे का (काठी न हलवता आपोआप सरकते का), टीव्हीला जोडायच्या डॉकमध्ये बसवल्यावर चित्र येतं का. हे सगळं मी विकणाऱ्यासमोर बसून बघितलं आणि सगळं चोख निघालं. पण त्या कन्सोलवर ऑनलाइन सेवा वापरायला कंपनीने बंदी घातलेली होती आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं.

आम्ही चौघं कॉलेजपासूनचे. एक जण बंगळुरूला, एक जर्मनीत श्टुटगार्टला, एक डोंबिवलीला आणि मी ठाण्यात. शनिवारी रात्री साडेदहाला मारिओ कार्ट हा शर्यतीचा गेम ऑनलाइन खेळायला जमायचं असं त्या तिघांचं आधीपासून चालू होतं. उन्हाळ्यात तेव्हा श्टुटगार्टला संध्याकाळचे सात वाजलेले असतात, त्यामुळे सगळ्यांना जमतं. फोनवर ग्रुप कॉल लावायचा आणि शर्यती खेळायच्या. लग्नं झाली, गावं बदलली, वर्षवर्ष भेट होत नाही, आणि या दोन तासांत मात्र कोण आजारी आहे, कुणाची नोकरी डळमळीत आहे, सगळं कळतं. मला त्यात जायचं होतं. म्हणजे माझ्यासाठी स्विच घेण्याचं कारण एकच, ऑनलाइन खेळणं. विकणाऱ्याला मी पहिल्याच मेसेजमध्ये तसं लिहिलं होतं, "मला फक्त मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचंय." त्याचं उत्तर आलं, "हो ताई, एकदम मस्त चालतं."

आता थोडं मागचं सांगते, नाहीतर हा डाव आपल्याकडे इतका सहज का चालतो ते कळणार नाही. स्विच २०१७ च्या मार्चमध्ये आला, ओएलईडी स्क्रीनवालं मॉडेल २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये. निन्टेन्डो भारतात हे कन्सोल अधिकृतपणे विकत नाही. आपल्या दुकानांत दिसतात ते बाहेरून आणलेले. निन्टेन्डोचं ई-शॉप, म्हणजे कन्सोलवरूनच गेम घ्यायचं ऑनलाइन दुकान, तेही भारतासाठी नाही, म्हणून गेम विकत घेण्यासाठी आपल्याकडची बहुतेक मंडळी खात्यात अमेरिका किंवा दुसरा एखादा देश लावतात. त्यामुळे काहीही अडलं की "इंडियात असंच असतं" हे उत्तर सगळ्यांना पटतं. फसवणारा नेमका याच वाक्यावर जगतो.

एका खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर मला ही जाहिरात दिसली. पांढरा ओएलईडी, खोक्यासकट, मारिओ कार्टचं कार्ट्रिज (गेम असलेलं छोटं कार्ड) सोबत. भाव बाजारापेक्षा फार कमी नव्हता, म्हणून शंका यायचंही कारण नव्हतं. ठाणे स्टेशनजवळच्या एका हॉटेलात भेटायचं ठरलं. तो एकटा आला नाही, बरोबर एक मित्र होता आणि मित्राकडे स्वतःचा स्विच होता.

इथून पुढचं नीट वाचा, कारण सगळी खुबी इथे आहे. मी म्हटलं, ऑनलाइन दाखवा. त्याने माझ्याच फोनचा हॉटस्पॉट मागितला, सेटिंग्जमध्ये जाऊन इंटरनेटची चाचणी लावली आणि 'कनेक्शन यशस्वी' असा निकाल माझ्यासमोर धरला. मग सिस्टिम अपडेट तपासून दाखवलं, तेही सर्व्हरशी बोलून आलं. त्यानंतर मारिओ कार्ट सुरू केलं आणि मेनूमधून 'वायरलेस प्ले' निवडलं. समोर बसलेल्या मित्राने आपल्या स्विचवर तेच केलं. दोघांची नावं एका खोलीत दिसली, शर्यत लागली, मी स्वतः एक फेरी मारली. "बघा ताई, दोन वेगळे सेट, लांबून पण असंच चालतं."

ते तसं चालत नाही. मारिओ कार्टमध्ये 'ऑनलाइन प्ले' आणि 'वायरलेस प्ले' हे दोन वेगळे पर्याय आहेत. वायरलेस प्ले म्हणजे एकाच खोलीतल्या दोन कन्सोलनी थेट एकमेकांशी बोलणं. त्यात इंटरनेट लागत नाही आणि कंपनीचा सर्व्हर मध्ये येतच नाही. बंदी घातलेल्या कन्सोलवरही ते व्यवस्थित चालतं. इंटरनेटची चाचणीही पास होते आणि सिस्टिम अपडेटही मिळतं. बंद असतं ते फक्त खात्याशी जोडलेलं जग: ई-शॉप, मित्रांची यादी, ऑनलाइन शर्यती. त्या माणसाने चालणाऱ्या गोष्टी तेवढ्या दाखवल्या, क्रमाने, सराईतपणे, आणि त्यासाठी साथीदार बरोबर आणला. "ऑनलाइनची मेंबरशिप माझी संपलीय, म्हणून जगभरातल्या लोकांशी खेळून दाखवता येत नाही," हेही तो आपणहून बोलला. ऑनलाइन खेळायला वर्गणी लागते हे खरंच आहे, त्यामुळे ते वाक्यही चपखल बसलं.

पैसे मी यूपीआयने दिले. नाव दुसऱ्याच कुणाचं आलं, तो म्हणाला बहिणीचं खातं आहे.

घरी येऊन माझा प्रोफाइल केला, निन्टेन्डोचं खातं जोडायला गेले आणि स्क्रीनवर कोड आला: २१२४-४००७. खाली इंग्रजीत मजकूर, की या कन्सोलवरून ऑनलाइन सेवा वापरण्यावर सध्या निन्टेन्डोचे निर्बंध आहेत. मी त्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, रीजनचा प्रॉब्लेम आहे, देश बदला. बदलला. मग म्हणाला व्हीपीएन लावा, मग म्हणाला पूर्ण रिसेट मारा. रिसेटनंतरही तोच कोड आल्याचं कळवलं, तेव्हा त्याने मला ब्लॉक केलं आणि ग्रुपवरची जाहिरातही गेली.

रीजनची ही थाप मी अजून बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकते, प्रामाणिक लोकांच्याही, म्हणून स्पष्ट लिहिते. स्विच कुठल्या देशात विकत घेतला यावर ऑनलाइन चालणं अवलंबून नाही. जपानचा, अमेरिकेचा, दुबईहून आणलेला, सगळे भारतात बसून ऑनलाइन चालतात. माझ्या तिन्ही मित्रांचे तीन ठिकाणांहून आलेले आहेत. याला खरा अपवाद एकच, मुख्य भूमी चीनसाठी टेन्सेंटने २०१९ च्या डिसेंबरपासून विकलेला स्विच. तो चीनमधल्या सेवेशीच बांधलेला होता. पण तिथेही हा कोड येण्याचं कारण नाही. २१२४-४००७ चा अर्थ एकच, या कन्सोलवर बंदी आहे. ती खात्यावर नसते, कन्सोलच्या आत कारखान्यातच बसवलेल्या ओळखीवर असते. त्यामुळे खातं बदला, देश बदला, रिसेट करा, मालक बदला, ती तशीच राहते.

बंदी का आली असेल ते मला एका कन्सोल दुरुस्त करणाऱ्याकडे कळलं. तो नौपाड्यात एका छोट्या गाळ्यात बसतो. कन्सोल हातात घेताच त्याने आधी तो उलटा केला आणि मागचे स्क्रू दाखवले. स्विचचे मागचे स्क्रू साधे नसतात, तीन पाकळ्यांच्या खाचेचे असतात आणि त्यांना वेगळा पेचकस लागतो. माझ्या कन्सोलच्या दोन स्क्रूंच्या खाचा घासून गुळगुळीत झाल्या होत्या. म्हणजे कुणीतरी आधी उघडलेला. आत धातूचं झाकण काढल्यावर प्रोसेसरच्या कडेला, जिथे तांदळाच्या दाण्याहून बारीक भाग एका रांगेत असतात, तिथे सोल्डरिंगच्या खुणा आणि फ्लक्सचा पिवळट थर होता. "मॉडचिप बसवली होती, विकायच्या आधी काढली," तो म्हणाला. ओएलईडी मॉडेलवर चोरीचे गेम चालवायचे तर अशी चिप लागते. त्याआधीच्या, २०१७-१८ च्या सुरुवातीच्या स्विचमध्ये प्रोसेसरमध्येच त्रुटी होती, तिथे चिपशिवायही ते जमायचं. असले गेम घालून कन्सोल ऑनलाइन गेला, की सर्व्हरला ते कळतं आणि बंदी येते. मग चिप काढायची, नवी थर्मल पेस्ट लावायची, खोक्यात घालायचा आणि ज्याला यातलं काही माहीत नाही त्याच्या गळ्यात मारायचा.

बंदी काढून देणारेही भेटतात. मला एकाने ४,००० रुपये सांगितले. पद्धत अशी, की दुसऱ्या चांगल्या कन्सोलची ओळख उचलून यात भरायची. मी नको म्हटलं. ती ओळख कुणाची तरी असते आणि एकच ओळख दोन कन्सोलवर दिसली की त्या दुसऱ्याचाही कन्सोल धोक्यात येतो. आपण फसलो म्हणून डोंबिवलीतल्या एखाद्या पोराचा स्विच बंद पाडायचा, हे मला मान्य नाही.

तक्रार मी केली आहे. १९३० वर फोन केला आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर सगळं भरलं. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅटची पूर्ण प्रत, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, कन्सोलचा सिरियल नंबर, एरर कोडचा फोटो आणि दुरुस्तीवाल्याने काढलेले आतले फोटो जोडले. चॅटमधलं माझं ते पहिलं वाक्य, ऑनलाइन खेळायचंय म्हणून, आणि त्याचा 'हो', हे सगळ्यात कामाचं ठरलं. वस्तू बिघडलेली निघणं आणि खोटं सांगून पैसे काढून घेणं यांतला फरक तिथेच दिसतो. दुसरा प्रकार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीत येतो. पैसे अजून मिळालेले नाहीत. तुमच्यावर अशी वेळ आली, तर देश बदलण्यात आणि रिसेटमध्ये वेळ घालवू नका. विकणारा मुद्दाम ती कामं लावून देतो, कारण तेवढ्या वेळात पैसे पुढच्या खात्यात सरकतात. १९३० वर लवकर कळवलं आणि पैसे त्या खात्यात असले, तर बँक ते रोखून धरू शकते.

तपासायचं कसं, तर कन्सोल हातात आल्यावर आपला हॉटस्पॉट जोडायचा, आपला नवा प्रोफाइल करायचा, आपलं खातं जोडायचं आणि ई-शॉप उघडायचं. ई-शॉप उघडायला कसलीही वर्गणी लागत नाही, त्यामुळे 'मेंबरशिप संपलीय' ही सबब इथे चालत नाही. बंदी असेल तर तिथेच कोड येतो. दहा मिनिटांचं काम आहे. निन्टेन्डोचं खातं, ई-शॉप असलेला देश लावून, घरूनच फोनवर उघडून ठेवा, पासवर्ड पाठ असू द्या. विकणारा घाई करायला लागला, चहा सांगायला लागला, "घरी जाऊन करा ना" म्हणाला, तर उठा.

जुनी कार्ट्रिजंही डोळे झाकून घेऊ नका. प्रत्येक कार्ट्रिजला स्वतःची वेगळी ओळख असते. आधीच्या मालकाने त्याची नक्कल करून ठेवली असेल आणि तीच ओळख दोन ठिकाणी ऑनलाइन दिसली, तर निष्पाप माणूसही अडकतो. स्विच २ आल्यानंतर २०२५ मध्ये असं घडल्याचं बाहेर आलं होतं. त्यात एका खेळाडूने जाहिरातीचा आणि कार्ट्रिजच्या फोटोंचा पुरावा दिल्यावर त्याची बंदी उठली, म्हणून खरेदीच्या खुणा जपून ठेवा. आणि ऑनलाइन खेळायच्या वर्गणीच्या फॅमिली मेंबरशिपमधली 'सीट', म्हणजे एका खात्याची जागा, स्वस्तात विकणारे असतात, त्यांच्यापासूनही दूर राहा. वर्षाची फॅमिली मेंबरशिप अमेरिकेत ३४.९९ डॉलर्सची, आठ खात्यांसाठी असते, पण ग्रुपचा मुख्य ज्याला हवं त्याला कधीही काढू शकतो. ओळखीच्या माणसांत वर्गणी काढली तरच ती परवडते. आमची आता तशीच आहे.

डोंबिवलीचा मित्र सध्या माझ्यासाठी दुसरा कन्सोल शोधतोय. भाव विचारण्याआधी तो प्रत्येकाला एकच मेसेज टाकतो, "भेटल्यावर माझ्या हॉटस्पॉटवर, माझ्या खात्याने ई-शॉप उघडून बघणार, चालेल ना?" बरेच जण लगेच हो म्हणतात. एकाने काहीच उत्तर दिलं नाही. आणि परवा एकाने लिहिलं, "ऑनलाइन नाही चालत, पण मग १२ ला देतो." त्याच्या जाहिरातीत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि भाव २० लावला होता.