कॉमिक्सचा नायक कोण: जन्म बघावा की रूप?

फोंडा-म्हापशाकडे एखाद्या वाचनालयाने किंवा कॉलेजच्या फिल्म क्लबाने ‘कॉमिक्सचे नायक पडद्यावर’ असा कार्यक्रम घ्यायचा ठरवला, की पहिल्याच बैठकीत यादी अडते. काहीजण रूप बघतात: मुखवटा, शक्ती, दुहेरी ओळख. काहीजण जन्म बघतात: नायक आधी छापील चित्रकथेत आला का?

रूपाचा निकष मुलांना झटकन कळतो, गर्दीही होते. चवथीच्या मंडपात लहानांचा खेळ असेल तर तोच घ्यावा.

प्रश्नमंजुषेत मात्र तो जाच करतो. झोरोला मुखवटा आहे, झगा आहे, दुहेरी ओळख आहे. पण तो 1919 साली साप्ताहिकातल्या कथेतून आला, चित्रकथेतून नव्हे. शक्तिमान 1997 साली थेट दूरदर्शनवर आला, क्रिश 2006 साली थेट मोठ्या पडद्यावर. उलट ‘रोड टू पर्डिशन’ चित्रपटातला टोळीचा मारेकरी साध्या ओव्हरकोटात वावरतो म्हणून गळतो, आणि त्याची ग्राफिक कादंबरी, म्हणजे चित्रांतून सांगितलेली कादंबरी, चित्रपटाच्या चार वर्षे आधीची, 1998 ची! एखाद्या संघाने हरकत घेतली की परीक्षकापाशी दाखवायला काहीच नसते. निर्णय त्याच्या आवडीवर जातो आणि भांडण वाढते.

जन्माच्या निकषात हरकत मिटते. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: पहिल्यांदा कशात आला, कोणत्या साली, पडद्यावर कधी. व्हॅम्पायरांचा शिकारी ब्लेड: कॉमिक्स, 1973, चित्रपट 1998. झाले काम. तलवारबहाद्दर कोनानपाशी सावध राहा. 1982 च्या चित्रपटाआधी, 1970 पासून त्याची कॉमिक्स निघत होती, म्हणून तो हमखास यादीत शिरतो. पण मूळ गद्यकथा 1932 ची. सर्वांत जुनी नोंदच धरायची.

खरी अडचण वेताळाची, म्हणजे फँटमची. तो 1936 साली वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत जन्मला. आपल्या हातात इंद्रजाल कॉमिक्सच्या अंकांतून आला. ‘कॉमिक्सचे पुस्तक’ हा शब्द काटेकोर धरला तर तो बाद, 1934 चा फ्लॅश गॉर्डनही बाद. हे मला पटत नाही. चौकटी त्याच, क्रमशः गोष्टही तीच. चित्रपट्टी आत घ्यावी आणि तसे नियमात आधीच छापावे. हार्ली क्विन 1992 च्या बॅटमॅनच्या कार्टून मालिकेत जन्मली, कॉमिक्समध्ये नंतर गेली. तिच्यावर प्रश्न न काढलेला बरा. क्रिश आणि शक्तिमानसाठी वेगळी फेरी ठेवली तर मुलेही नाराज होणार नाहीत.