हॅचरी, बोटुकली की किलोचा मासा? कोल्हापुरातल्या नव्या माणसासाठी तुलना

मिरग जवळ आला की मला फोन सुरू होतात. कुणाचं पोरगं बारावी होऊन घरी बसलंय, कुणी ऊस लावून कंटाळलाय, कुणी शेततळं काढलंय आणि त्यात पाण्याशिवाय काही नाही. प्रश्न बहुतेक एकच असतो : "मामा, हॅचरीत कामाला लागू, की घरच्या तळ्यात मासे सोडू?"

मी तीन पावसाळे हॅचरीत, म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्लं काढतात तिथं, काम केलं. नंतर घरच्या बारा गुंठ्यांत जिरं, म्हणजे माशांची बारीक पिल्लं, वाढवलं आणि आता शेततळ्यात विक्रीचा मासाही करतो. म्हणून सांगतो, प्रश्नातच एक वाट सुटलेली असते. हॅचरी आणि विक्रीचा मासा यांच्या मध्ये बोटुकलीचा धंदा आहे. हॅचरीतून बाहेर पडतं ते मत्स्यजिरं, जेमतेम ६ ते ८ मिलिमीटरचं. ते पंधरा-वीस दिवसांत साधारण २५ मिलिमीटरचं होतं, त्याला मत्स्यबीज म्हणायचं. आणखी दीड-दोन महिन्यांनी बोटाएवढं झालं की बोटुकली. तळ्यात सोडायची ती बोटुकली. जिरं थेट मोठ्या तळ्यात सोडणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या हाती फारसं काही लागत नाही.

तिन्ही वाटा तोलताना लोक आधी नफा विचारतात. मी दुसरंच विचारतो : तुमची चूक तुम्हाला किती दिवसांनी कळणार, आणि त्याच पावसाळ्यात ती सुधारता येणार का?

हॅचरीत चूक पहाटेच दिसते

हॅचरीचा हंगाम आर्द्रापासून आश्लेषापर्यंत, तरणा आणि म्हातारा पाऊस मध्ये धरून. कटला, रोहू, मृगळ हे नदीचे मासे. बंद तळ्यात ते वाढतात, अंड्यांनी पोट भरतंही, पण आपण होऊन अंडी घालत नाहीत. पूर्वी सगळं बीज नदीतून गाळून आणायचे. १० जुलै १९५७ला ओडिशात हिरालाल चौधुरींनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन करून दाखवलं आणि धंद्याचं तोंडच फिरलं. १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो तो त्यामुळेच. आज ग्रंथी काढत बसावं लागत नाही, तयार संप्रेरक बाटलीत मिळतं.

काम असं असतं. दुपारनंतर नर-मादी निवडायचे. नराच्या छातीच्या परावर बोट फिरवलं की खरखरीत लागतं, पोट हलकं दाबलं की दुधासारखा थेंब येतो. मादीचं पोट मऊ आणि फुगलेलं, पोटामागचं अंडी बाहेर येण्याचं तोंड गुलाबी. मादीला किलोमागे पाव ते अर्धा मिली, नराला त्याहून कमी, असं इंजेक्शन द्यायचं आणि गोल टाकीत सोडायचं. पहाटेपर्यंत पाण्यात साबुदाण्यासारखी अंडी तरंगताना दिसतात. मग ती उबवणीच्या गोल हौदात घ्यायची. तिथं पाणी सतत फिरतं ठेवावं लागतं, कारण अंडं तळाला बसलं की गुदमरतं. पाणी २७-२८ अंशांचं असेल तर १४ ते १८ तासांत पिल्लं बाहेर येतात. पुढचे तीन दिवस ती पोटाखालच्या बलकाच्या पिशवीवर जगतात. चौथ्या दिवशी जिरं विकायला तयार.

म्हणजे चार दिवसांत एक फेरी. निवड चुकली, मादी कच्ची होती, नर कमी पडले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी हौद बघून कळतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पैसे मालकाचे असतात. एका हंगामात पंधरा-वीस फेऱ्या डोळ्यांखालून जातात. नर-मादी हाताने ओळखणं, जिरं वाटीने मोजणं, पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन भरून रात्रीच्या गाडीला लावणं, हे पुस्तकातून येत नाही. माझ्या हातात ते तिथं आलं.

उणी बाजूही सांगतो, कारण त्यावर कुणी बोलत नाही. झोप होत नाही. पाऊस, चिखल, पाण्यात भिजलेले हात, नखांत बुरशी. वीज गेली की जनरेटरकडं धावायचं, मग रात्रीचे दोन का असेनात. पगार हंगामी असतो. आश्विन उजाडला की बहुतेक जागी दोन-तीनच माणसं उरतात, तीही प्रजनक, म्हणजे अंड्यांसाठी राखलेले नर-मादी, सांभाळायला आणि तळी उपसायला. बाराही महिने घर चालवायला नोकरी हवी असेल, तर पहिल्या वर्षी हॅचरीकडून ती अपेक्षा धरू नका. पण ज्याच्या हाताला निवड जमते त्याला हॅचरीवाले पुढच्या पावसाळ्यात स्वतः फोन करतात, हे मी पाहिलंय.

स्वतःची हॅचरी काढावी का? नवख्याने नाही. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत गोड्या पाण्याच्या नव्या हॅचरीचा खर्च २५ लाख धरलेला आहे. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. बाकीचे लाख तुमचे. त्यात चांगले प्रजनक तयार व्हायला दोन-तीन वर्षं जातात. तेवढी वर्षं थांबायची ताकद घरात हवी.

बोटुकली : पंधरा दिवसांत निकाल

माझा कल या वाटेकडं आहे, लपवत नाही. हिशेब बघा. नर्सरीच्या, म्हणजे जिऱ्याचं बीज करायच्या, मातीच्या तळ्यात चौरस मीटरला ३०० ते ५०० जिरं सोडतात. दोन गुंठ्यांचं तळं असेल तर ८० हजार जिरं सहज बसतं. त्यातलं तिसरा हिस्सा जगलं तरी २५ हजारांच्या आसपास बीज. ते दहा गुंठ्यांत पसरवलं, चौरस मीटरला पंचवीस या मापानं, आणि दोन तृतीयांश टिकलं, तर सोळा-सतरा हजार बोटुकली हातात. भाव तुमच्या भागातला घाला, मी इथं आकडा देत नाही, कारण तो ऑगस्टमध्ये एक असतो आणि ऑक्टोबरमध्ये दुसरा.

गिऱ्हाईक कोण? तलाव ठेक्याने घेतलेल्या मच्छीमार सोसायट्या, शेततळेवाले, आणि आपल्यासारखेच ज्यांना जिरं सांभाळायचं नसतं ते. पाऊस ओसरला, तलाव भरले, की सगळ्यांना एकदम बोटुकली लागते. तोवर तुमची तयार असते. उसाला त्या महिन्यांत पाणी द्यावं लागत नाही, भांगलण उरकलेली असते. घरच्या माणसांचा वेळ मोकळा असतो आणि विहिरीचं पाणीही.

आता चूक. पहिल्या वर्षी माझं ६० हजार जिरं आठ दिवसांत संपलं. पाणी हिरवं होतं, खत घातलं होतं, सगळं बरोबर वाटत होतं. पाणकिडे मारायचे राहिले होते. पाठीवर पोहणारा तो बारीक किडा जिरं धरून शोषतो, आणि असे किडे खूप असले की जिरं झपाट्याने संपतं. त्यावर औषध म्हणजे गोडं तेल आणि कपड्याचा साबण. दोन गुंठ्यांना साधारण सव्वा किलो तेल आणि साडेतीनशे ग्रॅम साबण गरम पाण्यात फेटून, वारा नसताना, जिरं सोडायच्या आदल्या दिवशी पाण्यावर पसरायचं. पाण्यावर तवंग आला की किड्यांना श्वास घेता येत नाही. मी ते शिकलो, तळं पुन्हा तयार केलं आणि त्याच जुलैच्या अखेरीला दुसरं जिरं आणलं. त्या वर्षी तोटा झाला नाही. घरच्या तळ्यात हे फक्त या वाटेवर शक्य आहे. एका हंगामात नर्सरीत दोन-तीन पिकं निघतात, त्यामुळं एक गेलं तर दुसरं हातात असतं.

तळं तयार करणं म्हणजे चुना, मग शेण, मग पेंड. जिरं यायच्या दोन-तीन दिवस आधी मी दोन गुंठ्यांना १५ किलो भुईमूग पेंड, ४ किलो शेण आणि १ किलो सुपर फॉस्फेट एकत्र भिजवतो. त्यातलं निम्मं आधी टाकतो, उरलेलं पाणी बघून नंतर. पाण्यात बारीक जीव आले का, हे बघायला ५० लिटर पाणी पातळ कापडातून गाळायचं. कापडाच्या तळाशी अशा जिवांचा एक-दोन मिली गाळ साचला तर जिऱ्याला जेवण तयार आहे.

जिरं घेताना एक सांभाळा. एका विक्रेत्याने मला कटला म्हणून दिलेल्या जिऱ्यात निम्म्याहून जास्त मृगळ निघाला. जिऱ्यात फरक कळत नाही, बीज झाल्यावर कळतो. म्हणून शक्य असेल तर ज्या हॅचरीत तुम्ही स्वतः प्रजनक बघितलेत तिथूनच घ्या. आणि पिशवी आणली की लगेच ओतू नका. पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगू द्या, मग थोडं थोडं तळ्यातलं पाणी आत घ्या.

किलोचा मासा : दहा महिन्यांनी कळतं

शेततळेवाल्यांना हे सगळ्यात सोपं वाटतं. ३० बाय ३० मीटरचं तळं म्हणजे नऊ गुंठे, त्यात साडेचारशे ते नऊशे बोटुकली. पाचशे सोडली, ऐंशी टक्के टिकली आणि प्रत्येक मासा किलोचा झाला, तर चारशे किलो. किलो माशाला दीड-दोन किलो खाद्य धरा. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, म्हणून तिन्ही मिळून सोडायचे. गवत असेल तर गवत्या. ही झाली कागदावरची गोष्ट.

तळ्यावरची गोष्ट अशी की एप्रिल-मेमध्ये तेच पाणी तुम्ही उसाला किंवा भाजीला सोडणार असता. मासा तेव्हा पाऊण किलोचा असतो, पाणी गुडघ्याएवढं राहतं, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. ते दिसलं की त्या तासाला तळ्यात ताजं पाणी सोडा किंवा पंप लावून पाणी उडवा. उशीर झाला तर वर्षाचं पीक सकाळी उलटं तरंगतं. म्हणून दरवर्षी मेअखेरीला तळ्यात दीड मीटर पाणी राहतं का, एवढं एक बघा. राहत नसेल तर हा धंदा त्या तळ्याचा नव्हे, बोटुकलीचा आहे, कारण तिला पावसाळ्यातलंच पाणी पुरतं.

प्लॅस्टिक कागदाच्या तळ्यात अजून एक अडचण. तळाला माती नसल्याने पाणी हिरवं व्हायला वेळ लागतो. तळाशी वीतभर माती पसरून घ्या, नाहीतर सगळं खाद्य विकतचंच घालावं लागतं.

विक्री मात्र इथं सोपी. तांबडा-पांढरा ही कोल्हापूरची ओळख मटणाची असली, तरी बाजाराच्या दिवशी ताजा रोहू बांधावरूनच संपतो, आणि समुद्राचा मासा महाग असतो त्या दिवसांत तर नक्कीच. चिलापीलाही गिऱ्हाईक आहे, पण ती परवानगीशिवाय करू नका. आफ्रिकन मांगूर तर बंदी असलेला मासा आहे, कुणी स्वस्त पिल्लं दाखवली तरी हात लावू नका.

बायोफ्लॉकचं, म्हणजे टाकीत दाटीने मासे वाढवायच्या पद्धतीचं, विचारतात म्हणून दोन ओळी. टाकीत हवा चोवीस तास चालू लागते. ज्या गावात शेतीची वीज आठ तास आणि तीही कधी रात्रीची, तिथं नवख्या माणसाने टाक्यांनी सुरुवात करू नये, अनुदान कितीही दिसो.

तुमचं गाव कुठलं?

शिरोळ, हातकणंगले आणि करवीरचा नदीकाठ : काळी माती, पाणी धरून ठेवते, तळं कागदाशिवाय टिकतं. क्षारपड झालेली, ऊस न येणारी जमीन तळ्यासाठी बघता येते, पण आधी पाण्याची तपासणी करा. भीती पुराची. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी गाठते. २०१९ आणि २०२१ला ती ५० फुटांच्या वर गेली. चिखली, आंबेवाडीच्या लोकांना मी काय सांगणार, त्यांच्या घरांत पाणी होतं. पूररेषेत असाल तर किलोचा मासा जुलैच्या आत काढून मोकळे व्हा, आणि बोटुकलीचं तळं उंचावरच्या रानात घ्या. जाळी लावून पूर थांबत नाही.

राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडं उलटं. पूर कमी, पण माती तांबडी, पाणी झिरपतं. आणि जुलैच्या सलग पावसात पाणी इतकं गार होतं की जिऱ्याची वाढ अडते. तिकडच्या माणसाने जिरं न आणता मोठं बीज ऑगस्टच्या शेवटी आणावं आणि बोटुकली करावी. धरणांच्या तलावांवर ठेका असलेल्या सोसायट्या जवळच असतात, हा त्यांचा फायदा.

कागलचा एक पोरगा गेल्या वर्षी आला होता. घरी शेततळं होतं, मेमध्ये तळ दिसायचा. त्याला मी जून ते ऑगस्ट हॅचरीत पाठवलं. येताना त्याने मजुरीच्या थोड्या पैशांत वीस हजार बीज आणलं आणि घरच्या तळ्यात बोटुकली केली. दिवाळीआधी विकून तळं मोकळं, पाणी उसाला. यंदा त्याला जिऱ्यापासून करायचंय. त्याचं तळं आता वाळलंय आणि या आठवड्यात तो त्यात चुना टाकतोय. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात अनुदानासाठी आईच्या नावाने अर्ज करायचाय, त्यासाठी सातबाराही त्याने काढून ठेवलाय.