दुकानात 'पळणारी' गाडी: कार नेव्हिगेशनच्या नावाखाली विकलेला जुना डबा

स्लॅबखालच्या दुकानात, काउंटरवर ठेवलेल्या नेव्हिगेशनच्या पडद्यावर गाडीचा बाण झपाझप पळताना दिसला, तर तिथे जीपीएस चालू नसतं. चालू असतो तो डेमो. गेल्या वर्षी मे महिन्यात संभाजीनगरात असाच डेमो दाखवून मला साडेसात हजारांना एक यंत्र विकलं गेलं, वर फिटिंगचे बाराशे वेगळे. जालन्यात परत आल्यावर कळलं की तेच यंत्र इथल्या आणखी दोघातिघांच्या गळ्यात मारलेलं आहे. म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी ठिबकची कामं असतात. अंबड, घनसावंगी, कधी बीडकडे पाटोदा-आष्टीच्या डोंगरपट्ट्यात. तिथे मध्येच रेंज जाते. रेंज असली की शेतकऱ्यांचे फोन सुरू, आणि नकाशा पडद्यावरून गायब. शिवाय मेच्या उन्हात काचेला लावलेला फोन तापून बंद पडतो तो वेगळाच ताप. म्हणून काचेला लावता येईल असं सात इंची पडद्याचं स्वतंत्र यंत्र हवं होतं.

दुकानदार बोलण्यात पटाईत. "साहेब, फोनला नेट लागतं, याला काहीच लागत नाही. हे बघा, गाडी कशी पळायली!" पडद्यावर पुण्यातले रस्ते, त्यावरून वळणं घेणारा बाण आणि हिंदीत सूचना देणारी बाई. डब्यावर तीन स्टिकर: 'मॅप २०२४', 'नाविक सपोर्ट' (नाविक म्हणजे जीपीएससारखीच भारताची स्वतःची उपग्रह यंत्रणा), 'लाइफटाइम अपडेट'.

यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं होतं, आणि म्हणूनच ते खपतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून नुसते संदेश पाठवतात. आपलं यंत्र ते ऐकतं, वर काही पाठवत नाही. जागा कळायला नेट लागत नाही हे खरंच, पण मग ते फोनलाही लागत नाही. नेट लागतं ते नकाशा उतरवायला, आणि फोनवरही तो घरी बसून आधी उतरवून ठेवता येतो. दुसरं म्हणजे जागा नीट ठरवायला किमान चार उपग्रह ऐकू यावे लागतात, आणि तो संदेश इतका क्षीण असतो की स्लॅबखाली सहसा पोचतच नाही. जालन्याच्या गिऱ्हाइकाला संभाजीनगरच्या दुकानात पुण्यातली गाडी दाखवतात ती याचसाठी.

फिटिंगचा प्रकार तर त्याहून भारी. रबरी कप काचेला लावायचा सोडून पोऱ्या म्हणाला, "काका, उन्हानं हे गळून पडतंय, ब्रॅकेट मारून देतो." मी पावतीसाठी आत गेलो तेवढ्यात त्याने ड्रिल लावलंही. बाहेर आलो तर डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर, जिथे 'एसआरएस एअरबॅग' अशी अक्षरं उमटलेली असतात, त्याच्या बोटभर शेजारी भोक! त्या झाकणाखाली एअरबॅग असते. अपघातात ते झाकण फाटून फुगा बाहेर येतो, आणि वर ब्रॅकेट असेल तर तेच शेजारी बसलेल्याच्या तोंडावर येणार. मी ओरडल्यावर त्याने ब्रॅकेट काढलं, भोकात काळं सिलिकॉन भरलं आणि कप काचेला लावून दिला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्याने नंतर ते बघून सांगितलं की हे बुजवून चालत नाही, अख्खं पॅनेल बदलावं लागेल.

बाकी कप उन्हात सुटतो ही तक्रार खरी आहे, पण तो खरबरीत डॅशबोर्डवर लावला तर जास्त. काच आतून ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून, ड्रायव्हरच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात लावला की बऱ्यापैकी टिकतो, आणि समोरचा रस्ताही झाकला जात नाही. भोकाची गरज कुणालाच नसते, फिटिंगचं बिल लावणाऱ्याला सोडून.

पहिल्यांदा घरच्यांना घेऊन शिर्डीला निघालो. निधोन्याला समृद्धीवर चढलो आणि पडद्यावरची गाडी सरळ शेतात शिरली. खाली रस्ताच नाही! बाई आपली सारखी, "संभव हो तो यू-टर्न लें." एकशेवीसच्या रस्त्यावर, जिथे दुभाजक ओलांडायला जागाच नाही, तिथे यू-टर्न. नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला. जो नकाशा स्वतःला २०२४चा म्हणवतो आणि त्यात तो रस्ता नाही, तो २०२४चा कसा?

फोन केला तर दुकानदार म्हणाला, "तुमच्या गाडीची काच हीट रिफ्लेक्टिंग असंल, सिग्नल पकडत नसंल." हेही अर्धं खरं. काही गाड्यांच्या काचेत धातूचा पातळ थर असतो आणि तो सिग्नल अडवतो. पण इथे बाण रस्त्याप्रमाणे बरोबर सरकत होता, रस्ताच नकाशात नव्हता. नकाशा जुना असण्याशी काचेचा काय संबंध? मग म्हणाला, कार्ड घेऊन या, नवा मॅप टाकून देतो, नऊशे रुपये. लाइफटाइम अपडेटचं काय झालं विचारल्यावर, "ते सॉफ्टवेअरचं, मॅपचं वेगळं असतंय."

माझा मेहुणा नांदेडला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. सुट्टीत आला तेव्हा त्याने यंत्र गच्चीवर नेलं आणि सेटिंगमधून उपग्रहांचा पडदा उघडला. त्यात उभ्या पट्ट्या असतात, प्रत्येक उपग्रहाची एक, खाली त्याचा क्रमांक. थोड्या वेळाने हसायलाच लागला. "दाजी, याच्यात अजून २००५चा सप्टेंबर चालू हाय."

त्याने सांगितलं ते असं. या जुन्या पद्धतीच्या जीपीएस संदेशात आठवड्यांचा आकडा १०२४ आठवडे झाले की पुन्हा शून्यावर येतो. शेवटचा असा आला एप्रिल २०१९मध्ये. त्याआधीचे कित्येक जुने रिसीव्हर तेव्हापासून साडेएकोणीस वर्षांहून जास्त मागची तारीख दाखवतात. जागा बरोबर सांगतात, साल चुकवतात. म्हणजे डबा नवा आणि आतला माल जुना. 'नाविक'चंही तिथेच उघडं पडलं. पट्ट्यांखालचे सगळे क्रमांक १ ते ३२मधले, म्हणजे अमेरिकेच्या जीपीएसचे. इस्रोचं नाविक ऐकायला रिसीव्हर तसा बनवलेला असावा लागतो, स्टिकर लावून तो तसा होत नाही.

दुकानात हे तपासायला कुणी अडवत नाही, फक्त यंत्र उचलून रस्त्यावर उघड्या आभाळाखाली न्यायचं. उपग्रहांचा पडदा उघडा, तारीख बघा, आपण उभे आहोत तीच जागा दाखवतंय का बघा. मग नकाशात पुणे-मुंबई नको, आपलं गाव आणि समृद्धीचा रस्ता शोधा. नुसता 'औरंगाबाद' लिहिलेला दिसला म्हणून लगेच जुना ठरवू नका, नाव तर २०२३ला बदललं आणि काही नकाशांत उशिराने आलं. रस्ता मात्र लपत नाही. डबाही उलटून बघा. बाहेरून आणलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि छापील किंमत असावीच लागते. माझ्या डब्यावर 'मेड इन चायना' सोडून काही नव्हतं.

पावतीही कच्चीच होती, जीएसटी नंबर नसलेली, खाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'चा शिक्का. पण पैसे यूपीआयने दिले होते, ती नोंद कामाला आली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर दुकानातून फोन आला: यंत्राचे पैसे देतो, फिटिंगचे नाही. यंत्राचे मिळाले. पॅनेलच्या खर्चासाठी जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दुकान संभाजीनगरात असलं तरी मी राहतो त्या जालन्यातच करता आली. सोबत सर्व्हिस सेंटरचं लेखी एस्टिमेट आणि भोकाचे फोटो जोडलेत. यंत्र परत घेताना दुकानदाराने डबाही मागितला होता. तो सगळ्या बाजूंनी, स्टिकर स्पष्ट दिसतील असे फोटो काढूनच दिला.