बिलावर ‘रिबोअर ०२०’, ब्लॉकमध्ये जुनीच कड: पद्मिनी सांभाळणाऱ्यांनी हे वाचा

सोलापुरातल्या एका १९८८ च्या प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनकामाचं बिल ४२,५०० रुपये झालं. त्यावर ओळीने लिहिलं होतं: रिबोअर ०२० (सिलिंडरचं झिजलेलं भोक, म्हणजे बोअर, कापून अर्धा मिलिमीटर मोठा करणं), पिस्टन-रिंग सेट, क्रँक ग्राइंडिंग, मेन आणि कॉनरॉड बेअरिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह-गाईड, वॉटर प्लग, गॅस्केट सेट, इंजिन पेंट, मजुरी. चार महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी इंजिन खोललं तेव्हा यातल्या तीनच गोष्टी नव्या निघाल्या: रिंगा, गॅस्केट आणि रंग. गॅरेजचं नाव इथे देत नाही. हीच रीत आणखी चार ठिकाणी चालते आणि एक नाव कळलं की लोक बाकीच्यांकडे निर्धास्त जातात.

गाडी तेल खात होती, चढावर निळा धूर टाकत होती. गॅरेजमध्ये चालू इंजिनचं ऑइल कॅप उघडून दाखवलं, आतून वाफारा आला, आणि निकाल लागला: ‘इंजिन बसलंय साहेब, फुल इंजिन करावं लागेल.’ हाफ इंजिन म्हणजे पिस्टन, रिंगा आणि हेडचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं) काम. फुल म्हणजे त्यात क्रँकही (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा खालचा दांडा) आलं. खर्च जवळजवळ दुप्पट. ऑइल कॅपमधून थोडा वाफारा तीस-पस्तीस वर्षांच्या कुठल्याही इंजिनमध्ये दिसतो, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

या गाडीला काम खरंच लागणार होतं, हे पुढे कळलंच. पण गाडी देण्याआधी कुणी एकही आकडा घेतला नव्हता. ‘आधी इतकं होतं, नंतर इतकं झालं’ असं म्हणायला मालकाच्या हातात काही नव्हतं, आणि अशा गॅरेजचं सगळं धैर्य तिथूनच येतं.

कम्प्रेशन टेस्ट घरी होते. गेज फार महाग नाही, १४ मिलिमीटर प्लगच्या आट्यांत बसणारा स्क्रूवाला घ्या. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडवून ठेवा, बॅटरी भरलेली हवी. एकाने अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि स्टार्टर पाच-सहा फेरे मारायचा. अ‍ॅक्सिलरेटर अर्धवट दाबला तर हवा पुरेशी आत जात नाही आणि चांगलं इंजिनही मेलेलं वाटतं. पद्मिनीच्या १,०८९ सीसी इंजिनला तब्येत चांगली असेल तर १२० ते १४० पीएसआयच्या आसपास दाब मिळतो. आकड्याइतकाच चारही सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा, तो दहा टक्क्यांच्या आत हवा. जिथे कमी आलं तिथे प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब चढला तर दोष रिंगा-बोअरमध्ये. चढला नाही तर व्हॉल्व्हमध्ये. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील आणि तेल टाकूनही हलत नसतील तर आधी हेड गॅस्केटकडे बघा.

धुराची वेळही पाहा. सकाळी स्टार्ट करताना भसकन येऊन थांबतो, किंवा तुळजापूरचा घाट उतरताना पाय काढून पुन्हा दाबल्यावर येतो, तो बहुधा व्हॉल्व्ह गाईडचा (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीचा). घाट चढताना सतत येतो तो रिंगांचा. आणखी एक गोष्ट, जिच्यावरून अनेकांचं इंजिन विनाकारण खोललं गेलंय: डिपस्टिकवर तेल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर इंजिनवर बसवलेल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (रबरी पडदा) फाटलाय. पेट्रोल सरळ संपमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात) उतरतं, तेल पातळ होतं, गाडी धूर टाकते. पंपाचं किट आणि नवं तेल, एवढंच काम. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या साठ्यातलं रबर लवकर सुजतं, त्यामुळे हे आता जास्त दिसेल.

पुन्हा त्या बिलाकडे. गाडी जानेवारीत मिळाली. धूर नाही, इंजिन शांत, वर काळा कुळकुळीत रंग. मार्चमध्ये धूर परत आला. उत्तर तयार होतं: ‘रिंगा बसायला (भिंतीशी घासून जुळायला) वेळ लागतो, दोन हजार किलोमीटर चालवा.’ मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला, तेल आणखी पातळ झालं आणि धूर लपेना. तोवर तीन महिन्यांची तोंडी गॅरंटी संपलेली.

जानेवारीत धूर का नव्हता? ड्रेन प्लग काढल्यावर काकवीसारखं घट्ट तेल आलं, उग्र गंधकाचा वास मारणारं. तो वास गिअरबॉक्सच्या नव्वद नंबर तेलाचा. २०डब्ल्यू-४० च्या जागी असं घट्ट तेल मिसळलं की झिजलेल्या रिंगेवरून कमी तेल वर चढतं, बेअरिंगची खडखड दबते, तेलाचा लाल दिवाही लवकर विझतो. महिना-दोन महिने सगळं छान वाटतं. थंड सकाळी स्टार्टर नेहमीपेक्षा जड फिरतो, ही त्याची एक खूण. म्हणून गाडी ताब्यात घेताना डिपस्टिकवरचं तेल बोटांवर घेऊन वास घ्या. आणि तेलाचा डबा शक्यतो तुम्हीच आणून द्या, समोर भरून घ्या.

रिंगा बसायला वेळ लागतो हे खोटं नाही, पण ते पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये होतं. पहिलं तेल ५०० किलोमीटरला बदलायचं, वेग ५०-६० च्या आत, टॉप गिअरमध्ये इंजिन घुसमटू द्यायचं नाही. हे सांभाळूनही हजार किलोमीटरनंतर धूर असेल तर दोन हजारांची वाट पाहण्यात फक्त गॅरंटी संपते.

मे महिन्यातल्या टेस्टमध्ये एक आणि चार नंबरला ११० आणि १०५, दोन आणि तीनला ७५ आणि ८०. तेल टाकल्यावर दोन नंबर ११५ वर गेला. म्हणजे नव्या रिंगा बसवूनही बोअर गळत होता. हेड न काढता पुढचा पुरावा मोबाइलला जोडायच्या छोट्या कॅमेऱ्याने मिळाला. प्लगच्या भोकातून तो आत सोडला की पिस्टनचा माथा दिसतो. ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठ्या) पिस्टनवर मापाचा शिक्का तिथेच असतो. ०२० कुठेच नव्हतं. भिंतीवर होनिंगच्या (रिबोअरनंतर भिंत दगडाने घासण्याच्या) तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघाही नव्हत्या. होते ते उभे ओरखडे.

हेड उतरवल्यावर प्रश्नच उरला नाही. सिलिंडरच्या तोंडाशी, जिथपर्यंत वरची रिंग पोचत नाही तिथे, न झिजलेल्या लोखंडाची कड राहते. खालून वर नख फिरवलं की अडकतं. रिबोअर झालेल्या बोअरमध्ये ही कड असूच शकत नाही, कारण मशीन पूर्ण भिंत कापून काढतं. त्यातून नवी रिंग धारदार असते, ती या कडेवर आपटते आणि तुटते. दोन नंबरची वरची रिंग दोन तुकड्यांत निघाली. रिंगांचे पैसेही पाण्यातच गेले म्हणायचे.

मोजायला बोअर गेज नसेल तरी अडत नाही. पद्मिनीचा मूळ बोअर ६८ मिलिमीटर. ०२० म्हणजे इंचाचे वीस हजारांश, साधारण अर्धा मिलिमीटर. रिबोअर झाला असता तर माप ६८.५ आलं असतं. अर्ध्या मिलिमीटरचा फरक साध्या व्हर्निअरने कडेच्या जागी कळतो. तिथे ६८ च भरलं. झीज मात्र व्हर्निअरने नीट मोजता येत नाही, त्यासाठी रिंग आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) वापरा. रिंग एकटी बोअरमध्ये घाला, उलट्या पिस्टनने ढकलून सरळ बसवा आणि तोंडामधली फट मोजा: एकदा तळाशी, जिथे रिंगा फिरत नाहीत, आणि एकदा वर, कडेच्या जरा खाली. दोन फटींमधल्या फरकाला ३.१४ ने भागलं की व्यासातली झीज मिळते. इथे तळाशी ०.३५ आणि वर १.१५ आली, म्हणजे झीज ०.२५ मिलिमीटर. ०.१५-०.२० च्या पुढे गेलं की नुसत्या रिंगांनी भागत नाही. पिस्टनही जुनेच, ब्रशने घासून चकचकीत केलेले. खाचेच्या कोपऱ्यात जुना कार्बन तसाच होता.

क्रँकची लबाडी पकडणं सर्वांत सोपं. बेअरिंगच्या अर्धगोल वाटीच्या पाठीवर माप कोरलेलं असतं: एसटीडी (मूळ माप), ०१०, ०२०. क्रँक ग्राइंड केलं तर ते बारीक होतं, मग अंडरसाइज, म्हणजे जाड वाट्याच लागतात. इथे तीन मेन आणि चार कॉनरॉड, सगळ्या एसटीडी, आणि त्याही जुन्या, तांबं दिसायला लागलेल्या.

बाकीचं थोडक्यात. वॉटर प्लग (ब्लॉकमधली पाण्याची भोकं बंद करणाऱ्या चकत्या) बदललेच नव्हते, गंजावर रंग मारला होता. संपच्या कडेने सिलिकॉन इतका थापला होता की आत ओघळलेले तुकडे तेलपंपाच्या जाळीवर अडकले होते. यानेच एखादं चांगलं इंजिन बसू शकतं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, तापलं की वाकतं. सरळ पट्टी आडवी ठेवून खाली ०.०५ ची फीलर पात जाते का पाहावं. इथे जात होती. वाकण्याचं कारण रेडिएटर. बोअरवेलचं जड पाणी वर्षानुवर्षं भरून नळ्या क्षाराने अर्ध्या बुजल्या होत्या, आणि त्याबद्दल बिलात अवाक्षर नव्हतं. रेडिएटर आतून साफ करून डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरल्याशिवाय सोलापूरच्या उन्हाळ्यात कुठलंही हेड टिकणार नाही.

आणखी एक नुकसान उशिरा लक्षात आलं: मूळ सोलेक्स कार्बोरेटर जाऊन दुसराच बसला होता. पद्मिनीचं उत्पादन थांबून पाव शतक झालंय; चांगल्या मूळ भागांना गिऱ्हाईक तयार असतं. गाडी देण्याआधी इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी ताडून त्यांचे फोटो घ्या. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनमो किंवा अल्टरनेटर, स्टार्टर, पंप, सगळ्यांचे जवळून फोटो, आणि आतल्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका. इंजिनचा ब्लॉकच बदलला गेला तर पुढे आरटीओत गाडी नावावर करताना अडकाल.

काम द्यायचंच असेल तर क्रम असा ठेवा. हेड उतरल्यावर स्वतः जाऊन नखाने कड बघा आणि रिंग घालून मोजा. किती ओव्हरसाइज लागेल ते रिबोअर मशीनवाल्याकडून ठरवून घ्या. ट्रॅक्टरच्या या जिल्ह्यात तो शोधायला लांब जावं लागत नाही. मग पिस्टन तुम्ही विकत घ्या आणि ब्लॉकबरोबर त्याच्या हातात द्या. जाणता मशीनवाला आधी प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजतो, त्यावर डब्यात दिलेला क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीमधली फट) धरतो आणि मगच कापतो. पिस्टन न मागता ‘वीसचा मारून ठेवतो’ म्हणणाऱ्याकडे ब्लॉक ठेवू नका. त्याचं वेगळं बिल, चारही बोअरच्या मापांसह, थेट तुमच्या नावावर घ्या. गॅरेजच्या बिलात रिबोअर ही नुसती एक ओळ असते, तिच्यात काहीही लपतं. ब्लॉक परत आला की जोडण्याआधी पुन्हा एकदा पाहायला जा. जुने पिस्टन, रिंगा, वाट्या, व्हॉल्व्ह पोत्यात भरून घरी आणायचे, हे आगाऊ रक्कम देतानाच बोला. ‘ते भंगारात गेलं’ हे उत्तर आलं की शेवटचा हप्ता थांबवा.

फसवणूक झालीच असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर १९१५. मात्र कोऱ्या चिठ्ठीवरचं कच्चं बिल तिथे फार उपयोगी पडत नाही. गॅरेजचं नाव, तारीख, गाडीचा नंबर आणि सही असलेलं बिल लागतं. इंजिन दुसरीकडे उघडणार असाल तर आधी पहिल्या गॅरेजला लेखी कळवा, उघडताना व्हिडिओ काढा आणि मशीनवाल्याकडून मापं त्याच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह घ्या.

कळवल्यावर बहुतेक वेळा फोन येतो: ‘गाडी आणा, मोफत खोलून देतो.’ या मालकालाही आला होता. गाडी एकदा परत त्याच हातात गेली की एसटीडी वाट्या, तुटलेली रिंग आणि तोंडाशी असलेली कड, सगळं एका दिवसात नाहीसं होतं. आधी मापं आणि व्हिडिओ तुमच्याकडे सुरक्षित हवेत, मग हवं तर बोलणी करा.