कॅम्पर ट्रेलरचं फ्लोअरिंग बदलताय? विनाइल शीट की एसपीसी फळ्या

घरासाठी फ्लोअरिंग घेताना आपण आधी रंग बघतो, मग भाव विचारतो. ट्रेलरच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी शेवटी येतात. ६ बाय १० फुटांचा डबा इंदूरजवळचा मानपूरचा घाट उतरतो तेव्हा दर वळणावर त्याची चॅसी थोडी पिळली जाते. मे महिन्यात इंदुरात पारा ४२-४३ वर असताना उन्हात बंद करून ठेवलेला ट्रेलर आतून ५५ अंशांपर्यंत सहज तापतो, आणि जानेवारीत पहाटे तोच डबा ७-८ अंशांवर असतो. बंगल्यातल्या जमिनीच्या वाट्याला हे भोग येत नाहीत. म्हणून शोरूममधला माणूस जे सांगतो ते खोटं नसलं, तरी आपल्या फारसं कामाचं नसतं.

माझ्या मावसबहिणीकडे सध्या याच विषयावर दोन पक्ष पडले आहेत. ट्रेलर सुदामा नगरात दारासमोर उभा आहे आणि आतला जुना प्लाय दारापाशी मऊ पडला आहे. ताईला सागवानी दिसणाऱ्या एसपीसी (स्टोन प्लास्टिक कॉम्पोझिट) फळ्या हव्यात, भावजींना बसमध्ये असते तसली विनाइल शीट. मी भावजींच्या बाजूचा आहे, पण ताईचा एक मुद्दा मला खोडता आलेला नाही. तो पुढे येईलच.

बाकीचे पर्याय भराभर निकालात काढू. ८ मिलिमीटरची सिरॅमिक टाइल चौरस मीटरला १६ ते १८ किलो भरते, शिवाय खड्ड्याखड्ड्याला तिच्या सांध्यातलं ग्राउट सुटत जातं. लॅमिनेटच्या पोटात एचडीएफ, म्हणजे दाबून घट्ट केलेला लाकडाचा लगदा असतो. एकदा कडेनं पाणी प्यायला की तो फुगतो आणि फुगलेला परत बसत नाही. कागद सोलून चिकटवायच्या टाइल्स मार्चपर्यंत छान दिसतात. मग उन्हाळ्यात गोंद मऊ पडून टाइल सरकते आणि फटीतून आलेल्या चिकट रेघेवर धूळ बसते. मीटरवर मिळणारं पातळ पीव्हीसी कार्पेट स्वस्त असतं, पण त्याच्या पाठीचं फेल्ट पाणी धरून ठेवतं. आणि पावसाळ्यात पातालपाणीच्या धबधब्यावर जाऊन आल्यावर ज्यानं बुटांची काळी माती खरवडली आहे, त्याला खरं कार्पेट का नको हे समजावायला नको. अ‍ॅल्युमिनियमची चेकर प्लेट सबंध जमिनीला घातली तर आवाज करते, उन्हात तापते आणि थंडीत पाय टाकवत नाही. दारातल्या दीड फुटापुरती मात्र तिच्याइतकं चांगलं काही नाही.

उरले दोन.

आधी वजन. १० बाय ६ म्हणजे ६० चौरस फूट, म्हणजेच सुमारे ५.६ चौरस मीटर. २ मिलिमीटरची विनाइल शीट चौरस मीटरला ३ किलोच्या आसपास भरते, म्हणजे सगळी मिळून १७ किलो. ५ मिलिमीटरची एसपीसी चौरस मीटरला ९ ते १० किलो, म्हणजे ५० ते ५५ किलो. एसपीसी म्हणजे पीव्हीसीत भरपूर चुनखडीची पूड मिसळून केलेली फळी, त्यामुळे नावातला ‘स्टोन’ वजनकाट्यावर पुरेपूर दिसतो. फरक ३५ ते ४० किलोंचा.

हा फरक किती मोठा, ते आरसीवरचे दोन आकडे बघून ठरवा: रिकामं वजन आणि कमाल एकूण वजन. ७५० किलोपर्यंतचे ट्रेलर टी-१ या सगळ्यात लहान वर्गात मोडतात. समजा रिकामं वजन ५५० आहे. हातात राहिले २००. पाण्याची ६० लिटरची टाकी भरली की ६० किलो गेले, १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी पन्नासाच्या वर घेते, भरलेला घरगुती सिलिंडर तीसच्या घरात. उरलेल्या ५५-६० किलोंत गाद्या, भांडी, किराणा आणि कपडे बसवायचे आहेत. त्यातले ४० किलो जमिनीला द्यायचे का? ए.बी. रोडवरचा गणपती घाट ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी बदनाम आहे. स्वतःचे ब्रेक नसलेला छोटा ट्रेलर अशा उतारावर आपलं सगळं वजन पुढच्या गाडीच्या ब्रेकवर टाकतो. काम सुरू करण्याआधी ट्रेलर एकदा धर्मकांट्यावर, म्हणजे ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर, नेऊन आणा. मागच्या मालकानं काय काय बसवलंय ते आरसीला ठाऊक नसतं.

आता ताईचा मुद्दा. एसपीसी फर्निचरखाली घालायचीच नसते. ती तरंगती जमीन आहे: फळ्या एकमेकींत क्लिक करून बसतात, खाली चिकटवत नाहीत आणि भिंतीकडेनं फट सोडतात. वरून कपाट किंवा पलंगाची पेटी स्क्रूनं आवळली की फळी तिथे जखडली जाते आणि तापून वाढली की दुसरीकडे उचलली जाते. म्हणून पेट्या आणि ओटा आधी बसवायचा, एसपीसी नंतर, फक्त चालायच्या जागेत. अशा ट्रेलरमध्ये ती जागा जेमतेम २२-२५ चौरस फूट असते. म्हणजे २०-२२ किलो. झालं! विनाइल सबंध जमिनीला आणि एसपीसी फक्त मधल्या पट्ट्यात, असा हिशेब धरला तर दोन्हींच्या वजनात विशेष अंतर उरत नाही. वजनाच्या जोरावर विनाइलचा आग्रह धरणाऱ्यांनी हे मान्य करावं.

मग मी विनाइलकडे का झुकतो? पाण्यामुळे.

एसपीसीच्या खोक्यावर ‘१०० टक्के वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं, आणि फळीपुरतं ते खरंच आहे. ती पाण्यात बुडवून ठेवली तरी तिचं काही बिघडणार नाही. पण ट्रेलरमध्ये सडतो तो फळीखालचा प्लाय. दारातून ओले पाय येतात, सिंकखालचा पाइप हादऱ्यांनी ढिला होतो, बाटली लवंडते. चार फूट लांब आणि सात इंच रुंद फळ्यांना सांधे किती पडतात ते मोजा. घरात हे सांधे घट्ट राहतात, कारण खालचं काँक्रीट हलत नाही. इथे खालची चॅसीच पिळते, त्यामुळे क्लिकची जीभ हळूहळू सैल होते, कधी तुटतेही. आत गेलेलं पाणी फोमच्या अंडरले आणि प्लायच्या मध्ये अडकतं. त्याला सुकायला वाट नाही, आणि वरची जमीन तर नव्यासारखी चकचकीत. पत्ता लागतो तो कुबट वासानं किंवा पाय दबल्यावर.

विनाइल शीटचा रोल साधारण २ मीटर रुंद येतो. ट्रेलरची आतली रुंदी ६ फूट, म्हणजे १.८३ मीटर. सबंध जमीन एका तुकड्यात, एकही सांधा न देता झाकली जाते, आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच उरतात. ते उरलेले काठ कापून टाकू नका, भिंतीवर चढवा. दवाखान्यांत आणि बसमध्ये कोपरा असाच गोल वळवलेला असतो. मग बादली सांडली तरी पाणी परातीसारखं वरच थांबतं. माझ्या मते निर्णय इथेच होतो, पुढचं सगळं त्याखालोखाल.

याची दुसरी बाजूही आहे. पूर्ण चिकटवलेल्या शीटखाली पाणी शिरलं, तर तेही अडकून बसतं. छताच्या सांध्यातून किंवा खिडकीच्या गास्केटमधून भिंतीच्या आत उतरणारं पाणी कोणतंच फ्लोअरिंग रोखत नाही. ते आधी शोधून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटनं बंद करा. शिवाय शीट एका तुकड्यात घालायची तर पेट्या, ओटा सगळं बाहेर काढावं लागतं. एसपीसीला ते लागत नाही. फर्निचर जागेवरच पक्कं केलेलं असेल आणि काढण्याची तयारी नसेल, तर विनाइलचा अर्धा फायदा तिथेच संपतो.

उन्हाळ्याचा परिणाम दोघांवर वेगवेगळा होतो. ३ मीटरची विनाइल शीट मोकळी असेल, तर ५० अंशांच्या फरकानं ८-१० मिलिमीटर वाढते. एसपीसी चुनखडीमुळे त्याहून कमी वाढते. म्हणून शीट फक्त कडेनं चिकटवून मध्ये मोकळी सोडली तर मे महिन्यात तिला फुगे येणारच. सगळीकडे अ‍ॅडहेसिव्ह हवं, आणि कोणतं यालाही महत्त्व आहे. कारागीर सवयीनं रबर-बेस सोल्यूशन काढतात. विनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे प्लास्टिसायझर असतं, ते या सोल्यूशनमध्ये उतरून त्याला हळूहळू ढिलं करतं, आणि उष्णता त्यात भर घालते. दोन भागांचं पीयू अ‍ॅडहेसिव्ह महाग पडतं, पण ६० चौरस फुटांना लागतं तरी किती!

भावाबद्दलही तेच. चौरस फुटाला एसपीसी चांगल्या विनाइल शीटच्या दुप्पट किंवा त्याहून महाग असते, पण जागा इतकी लहान आहे की तेवढ्यावर निर्णय फिरवू नये. फक्त एसपीसी खोक्यावर विकतात, त्यामुळे फळ्या उरतात. शीट रोलमधून हवी तेवढी कापून मिळते.

टिकाऊपणात एसपीसी पुढे आहे, हे सरळ सांगतो. जड पेटी ओढली, स्टुलाचा पाय रुतला, कुत्र्याची नखं लागली, तर विनाइलवर खूण उमटते आणि एसपीसी तग धरते. निदान कुशनवालं विनाइल तरी घेऊ नका. पायाला मऊ लागतं, पण पलंगाच्या पायाचा खड्डा त्यात कायमचा राहतो. बस ग्रेडची, खरखरीत पृष्ठभागाची २ मिलिमीटरची शीट मागा. ट्रान्सपोर्ट नगरात बस बॉडीचं काम करणाऱ्यांना ‘अँटी-स्किड’ म्हटलं की पुरतं. विस्तवाचं मात्र भान ठेवा. चोरलला कंड्यांवर, म्हणजे गोवऱ्यांवर, बाफले शेकून झाले आणि बुटाला चिकटलेला निखारा आत आला, तर विनाइलला भोक पडणार. दारातली चेकर प्लेट त्यासाठीच. तापलेला तवा जमिनीवर टेकवाल तर दोन्ही हरतील.

आणखी एक, जे दुकानदार बहुधा सांगत नाही: रबरी पाठीचं पायपुसणं विनाइलवर कायम ठेवू नका. रबरातली रसायनं विनाइलमध्ये उतरून पिवळट-तपकिरी डाग पाडतात आणि तो डाग कशानंही निघत नाही. थंडीत पायाला काही हवं असेल तर सुती सतरंजी टाका. झटकली, धुतली, वाळवली.

आता खालचा प्लाय. वर काहीही घाला, हा कच्चा राहिला तर पैसे गेले. जुन्या जमिनीत दारापाशी, चाकांच्या कमानींशेजारी आणि सिंकखाली पेचकस टोचून बघा. जिथे तो आत जातो तिथला तुकडा कापून काढायचा, वरून झाकायचा नाही. नवा प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे मरीन, १२ मिलिमीटर. त्या मानकात नमुना ७२ तास उकळून तपासतात. ‘वॉटरप्रूफ आहे भिया, ले जाओ’ म्हणणाऱ्याला आधी शिक्का दाखवायला सांगा. ८ बाय ४ च्या दोन शीटमध्ये ६० चौरस फूट बसतात, सांधे मात्र चॅसीच्या आडव्या पट्ट्यांवरच यायला हवेत. कापलेल्या कडा इपॉक्सीनं दोनदा भरा, कारण प्लाय पाणी पितो ते कडेनं. खालच्या बाजूला अंडरबॉडी कोटिंग द्या. शटरिंगचा काळा-तपकिरी फिल्मवाला प्लाय स्वस्तात सुचवला जाईल. तो नुसता जमीन म्हणून चालेल, पण त्याच्या गुळगुळीत फिल्मवर विनाइल नीट चिकटत नाही. स्क्रूची डोकी आत बुडवून वर लांबी (पुट्टी) भरा आणि घासून सपाट करा. पातळ शीटखालचा प्रत्येक खडा नंतर उमटून दिसतो. या बाबतीत एसपीसी थोडा उंच-सखलपणा पोटात घालते.

एसपीसी कुणी घ्यावी? ज्यांचा ट्रेलर शेतावर शेडखाली उभा असतो आणि वर्षातून एखाद-दोनदा महेश्वर-मांडूला निघतो. ज्यांच्याकडे मोठा कुत्रा आहे. ज्यांचं फर्निचर हलणारं नाही. किंवा ज्यांना आत शिरल्यावर लाकडी जमीन दिसलीच पाहिजे. त्यांनी ४ मिलिमीटरची घ्यावी, कडेनं ६ मिलिमीटर फट सोडून ती सिलिकॉननं न बुजवता पट्टीनं झाकावी. आणि अधूनमधून सिंकजवळची फळी उचलून खाली ओल आहे का ते बघावं. फिरता ट्रेलर असेल, दर पावसाळ्यात चिखलात जाणार असेल, तर शीट.

काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात प्लाय दमट असतो आणि मे महिन्यात अ‍ॅडहेसिव्ह पसरवून होण्याआधीच आवळायला लागतं. रोल आणल्यावर एक दिवस उन्हात उलगडून ठेवा, म्हणजे तिची गुंडाळी मोडते. चाकांच्या कमानींचं माप टेपनं न देता खाकी कागदाचा साचा कापून द्या. उरलेला तुकडा पलंगाच्या पेटीत सपाट ठेवा, पुढे निखाऱ्याचं भोक बुजवायला त्याच लॉटचा रंग लागेल. घडी घालू नका, विनाइलला पडलेली घडी निघत नाही.