मोंढ्यातून पैसे घरी न्यायचे : डिक्की, एसटी, चारचाकी का सरळ खात्यावर?

सोयाबीन निघालं की हा प्रश्न येतोच, माल लातूरच्या मोंढ्यात म्हणजे धान्याच्या बाजारात घातला, आडत्यानं म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालानं पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) केली, हातात दीड-पावणेदोन लाख आले आणि गाव चाळीस-पन्नास किलोमीटर लांब, तर न्यायचे कसे. जालना, परभणी, नांदेड सगळीकडं हेच. आधी एक सांगतो, एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याच्या वर रोख घेताच येत नाही, १ एप्रिल २०१७ पासून कायदा आहे आणि दंड जेवढी रक्कम तेवढाच, तोही घेणाऱ्याला म्हणजे आपल्याला. त्यामुळं मोठी पट्टी असली तर खात्यावरच घ्या, तिथं तुलना करायचं कारणच नाही.

आता दोन लाखाच्या आतलं बघू. बहुतेक जण पैसे मोटारसायकलच्या नाहीतर स्कूटीच्या डिक्कीत टाकतात आणि माझ्या मते सगळ्यात वाईट जागा तीच. साईड डिक्कीला स्क्रूड्रायव्हर घातला की उघडते, स्कूटीचं सीट दोघांनी धरून उचकटलं की झालं, आणि आपण मात्र कुलूप लावलंय म्हणून निवांत समोरच्या हॉटेलात चहा प्यायलो. हे चोर शक्यतो रस्त्यात अडवत नाहीत, ते बँकेतच उभे असतात, स्लिप भरल्यासारखं करत कोण बंडलं मोजायलंय आणि कुठल्या पिशवीत टाकायलंय ते बघतात. मग बाहेर आलं की टायरमधली हवा गेलेली असते, किंवा कोणीतरी म्हणतं "काका, तुमचे पैसे पडले बघा", खाली खरंच दहा-वीसच्या चार नोटा असतात, तुम्ही वाकता आणि हँडलची पिशवी गेली. कधी शर्टावर घाण पडते आणि एखादा भला माणूस पाण्याची बाटली घेऊन पुसायलाच येतो. अशा वेळी वाकायचं नाही, पुसायचं नाही, गाडी तिथंच सोडून पैशासकट परत बँकेत नाहीतर आडतीवर जायचं. पंक्चर नंतर काढता येतं.

गाडीवरच जायचं असेल तर दोघं जा आणि पैसे अंगावर ठेवा. दीड लाख म्हणजे पाचशेच्या शंभर-शंभर नोटांची तीन बंडलं, बनियनला आतून शिवलेल्या खिशात बसतात. मागं बसणाऱ्याकडं पैसे, चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर, आणि अंधार पडायच्या आत गाव.

एकटे असाल तर गाडीपेक्षा एसटी बरी, सुनसान रस्त्याला कोणी गाठायची भीती नसते. धोका फक्त चढताना, दारात जी रेटारेटी होते तिथंच खिसा कापला जातो, म्हणून पहिली गाडी भरलेली असली तर सोडा. पिशवी वरच्या रॅकवर नको, मांडीवर घ्या. चारचाकी या सगळ्यात चांगली, पण सीटवर बॅग ठेवून ढाब्यावर उतरणार असाल तर काच फोडायला किती वेळ लागतो? मोंढा ते घर, मधे कुठंच थांबा नाही असं जमत असेल तरच तिचा उपयोग. भाड्याची असेल तर ड्रायव्हरसमोर फोनवर रकमेचं बोलू नका.

आणि खात्यावर घेणं. बँकेतून बँकेत पैसे पाठवायच्या दोन पद्धती, एनईएफटी आणि आरटीजीएस. एनईएफटीला कमीत कमी रकमेची अट नाही, आरटीजीएस दोन लाखापासून पुढं, दोन्ही आता चोवीस तास चालतं, सुट्टीच्या दिवशी पण. आडत्यानं मोबाईलवर स्क्रीनशॉट दाखवला म्हणून उठू नका, आपल्या खात्यात बॅलन्स वाढलेला बघा मगच निघा. तरी लोक रोखच का मागतात, तर पीककर्ज. ज्या बँकेचं कर्ज थकलंय तिथं पैसे आले की होल्ड लागतो, मग पोरीच्या फीसाठी सुद्धा मॅनेजरच्या विनवण्या. ही भीती खोटी नाही, पण त्याच्यासाठी दोन लाख खिशात घालून फिरायची गरज नाही, कर्ज नाही अशा दुसऱ्या बँकेत साधं बचत खातं काढा आणि पट्टीसाठी तेच द्या. कर्ज काही त्यानं जात नाही, ते फेडायचंच आहे, पण घरखर्चाला पैसे हातात राहतात.

रोख खरंच लागते ती मजुरीला आणि उचलीला, म्हणजे मजुरांना आधी द्यायच्या पैशाला. बीडकडच्या, ऊसतोडीला टोळ्या नेणाऱ्या मुकादमांना दसरा-दिवाळीच्या दरम्यान कोयत्याकोयत्याला (कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी) उचल वाटावी लागते, तिथं रक्कम मोठी आणि सगळ्या गावाला माहीत असतं की आज वाटप आहे. त्यांना माझं म्हणणं एवढंच, ज्या मजुराचं खातं आहे त्याला खात्यावर द्या, बाकीच्यांसाठी गावाजवळच्या शाखेतून दोन-तीन दिवसात तोडून तोडून काढा, शाखेला आदल्या दिवशी सांगून ठेवा म्हणजे कॅश नाही म्हणून हेलपाटा होत नाही. काढायची वेळ पण रोज एकच नको.

निवडणुकीची आचारसंहिता चालू असेल तर आणखी एक, नाक्यावर पन्नास हजाराच्या वर रोख सापडली आणि कागद नसला तर निवडणुकीचं तपासणी पथक जप्त करू शकतं. आडत्याची पट्टी, बँकेतून काढले असतील तर पासबुकातली एन्ट्री किंवा स्लिप, आणि आधार एवढं सोबत ठेवा, पण पैशाच्या बंडलासोबत नको, वेगळ्या खिशात, म्हणजे कागद दाखवताना सगळ्यांसमोर पैसे बाहेर काढावे लागत नाहीत. तरीही जप्त झालेच तर पावती घेतल्याशिवाय तिथून हलू नका.